पाण्याचा थर

कुरकुंभला मे महिन्यात भर दुपारी प्लांटच्या शेडखाली तापमान ४० अंशांच्या पुढे जातं. डायइथाइल ईथर, ज्याला आमच्या धंद्यात नुसतं ईथर म्हणतात, ते ३४.६ अंशांना उकळतं. या दोन आकड्यांचा मेळ बसणं शक्यच नव्हतं, म्हणून आमच्याकडे एमटीबीई आलं.

पूर्ण नाव मिथाइल टर्शरी ब्यूटाइल ईथर. बाहेरच्या जगात ते पेट्रोलमध्ये मिसळायचं द्रव्य म्हणून ओळखलं जातं. मी मात्र नोकरीची सगळी वर्षं ते सॉल्व्हंट म्हणून वापरलं. औषधांची इंटरमीडिएट बनवणाऱ्या कारखान्यात मी प्रोसेस डेव्हलपमेंटला रुजू झाले, तेव्हा ईथरवरच्या जुन्या प्रोसेस एकेक करून बदलायचं काम निघालं होतं. ते माझ्या टेबलावर आलं.

जुनी माणसं ईथरच्या आठवणी सांगायची. उन्हाळ्यात ईथरची बॅच फक्त रात्रपाळीत घ्यायची. ड्रम ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवायचे आणि बूच सैल करताना तोंड बाजूला ठेवायचं, कारण आतला वायू दाबाने अंगावर यायचा. याहून मोठी भीती पेरॉक्साइडची होती. हवेतला ऑक्सिजन ईथरला चिकटतो आणि पेरॉक्साइड तयार होतं. ते डोळ्यांना दिसत नाही, वासालाही कळत नाही. डिस्टिलेशन करताना ईथर वर निघून जातं, पेरॉक्साइड मात्र तळाशी साठत राहतं, आणि भांडं कोरडं होत आलं की एका क्षणी स्फोट होतो. म्हणून रिकव्हरीआधी दर वेळी पोटॅशियम आयोडाइडची चाचणी करायची आणि भांडं कधीच कोरडं होऊ द्यायचं नाही.

एमटीबीई ५५ अंशांना उकळतं, आणि त्यात पेरॉक्साइड तयार होण्याची गती फारच मंद आहे. हे त्याच्या रचनेमुळे होतं. मधोमध ऑक्सिजन, त्याच्या एका बाजूला मिथाइल गट आणि दुसऱ्या बाजूला एक कार्बन, ज्याच्याभोवती आणखी तीन मिथाइल गट दाटीने बसलेले. ऑक्सिजनशेजारच्या ज्या हायड्रोजनवर हल्ला होऊन साध्या ईथरमध्ये पेरॉक्साइड बनतं, तो हायड्रोजन या कार्बनवर मुळी नाहीच. म्हणून हा रेणू टिकतो. ड्रममध्ये टिकतो, कॉलममध्ये टिकतो, पुन्हा पुन्हा वापरला तरी टिकतो. तेव्हा मला या गोष्टीचा केवढा आनंद झाला होता! महिनोन्‌महिने प्रयोग करून ज्या प्रोसेसमधून ईथर काढून टाकलं, त्या प्रोसेसच्या शेवटच्या अहवालात 'स्थिर' हा शब्द मी मोठ्या समाधानाने लिहिला होता.

पण एमटीबीईला कुणी निरुपद्रवी समजू नये. त्याचा फ्लॅश पॉइंट उणे २८ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे हिवाळ्यातल्या पहाटेसुद्धा त्याची वाफ पेट घेऊ शकते. ती वाफ हवेच्या तिप्पट जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. ड्रमला अर्थिंगचा चिमटा लावल्याशिवाय बूच उघडायचं नाही आणि नायट्रोजन दिल्याशिवाय रिअॅक्टरमध्ये चार्जिंग करायचं नाही, हे नियम ईथरच्या काळातलेच आणि तसेच पुढे चालू राहिले. दुसरी एक गोष्ट नव्या केमिस्टना मी आजही बजावून सांगते: तीव्र आम्लाशी याचं जमत नाही. आयसोब्यूटिलीन आणि मिथेनॉल यांना आम्लधर्मी रेझिनवरून नेलं की एमटीबीई बनतं. उलट, तयार एमटीबीईला तीव्र आम्लासोबत गरम केलं की ते परत त्याच दोन पदार्थांत फुटतं. त्यातलं आयसोब्यूटिलीन वायू असतं. बंद रिअॅक्टरमध्ये वायू तयार होणं म्हणजे काय, हे प्लांटमध्ये उभं राहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून आमच्या आम्लाच्या वॉशवर तापमानाची मर्यादा लाल अक्षरात लिहिलेली आहे.

एमटीबीईचं खरं कौतुक करावं ते थर वेगळे होताना. रिअॅक्शन संपली की पाणी टाकून ती थांबवायची, एमटीबीई घालून ढवळायचं आणि मग अॅजिटेटर बंद करून शांत बसायचं. माल एमटीबीईत जातो, क्षार आणि कचरा पाण्यात राहतो. एमटीबीईची घनता ०.७४, म्हणजे पाण्यापेक्षा इतकी कमी की दोन्ही थर भराभर सुटे होतात. पाणी खाली, एमटीबीई वर. तळाच्या व्हॉल्व्हखाली पाइपात एक जाड काच बसवलेली असते, साइट ग्लास. तिच्यामागे फ्लेमप्रूफ दिवा. पाण्याचा थर खाली सोडताना ऑपरेटर त्या काचेत बघत व्हॉल्व्हवर हात ठेवून उभा राहतो.

आमच्याकडचे सर्वांत अनुभवी ऑपरेटर, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांच्याकडून मी हे शिकले. दोन्ही द्रव रंगहीन असले की मला काहीच कळायचं नाही. अण्णा म्हणायचे, "मॅडम, रंग नका बघू. चाल बघा. पाणी जड चालतं." आणि खरंच, पाणी काचेतून सलग, जाड असं उतरत असतं. शेवटाला ते बारीक थेंब धरू लागतं, मागचा दिवा लवलवल्यासारखा दिसतो आणि मग दोन थरांच्या मधली साय येते, ताकावर लोण्याचे कण जमावेत तशी भुरकट आणि घुटमळणारी. तिला आम्ही रॅग म्हणतो. रॅग दिसली की व्हॉल्व्ह अर्ध्यावर आणायचा, ती वेगळ्या ड्रममध्ये घ्यायची, आणि काच पुन्हा स्वच्छ झाली की बंद. अण्णांचा हात हे सगळं काचेकडे न बघताही करू शकला असता असं मला वाटे, कारण व्हॉल्व्हच्या चाकात बदलणारा प्रवाह त्यांना जाणवत असे. पुढे आम्ही कंडक्टिव्हिटी मीटर बसवला. तो चांगलं काम करतो. पण क्षार कमी असलेल्या वॉशला तो गोंधळतो, आणि तेव्हा शिफ्टमधली पोरं अजूनही काचेपाशी जाऊन उभी राहतात.

हे द्रव्य माणसाच्या शरीरातही वापरलं गेलं आहे, हे सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नाही. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी पित्ताशयात बारीक नळी घालून एमटीबीई सोडलं आणि कोलेस्टेरॉलचे खडे काही तासांत विरघळवले. साधं ईथर तिथे चाललं नसतं, कारण शरीराच्या ३७ अंशांना ते उकळून त्याचा वायू झाला असता. एमटीबीई द्रवच राहिलं. पुढे दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया आली आणि हा उपचार मागे पडला. औषधांतल्या सॉल्व्हंटच्या अवशेषांचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांतही एमटीबीई सर्वांत सौम्य गटात, तिसऱ्या वर्गात मोडतं. दिवसाला ५० मिलिग्रॅमपर्यंत ते चालवून घेतलं जातं. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यावरून हे जहाल विष आहे असा कुणाचा ग्रह होऊ नये. प्रश्न वेगळाच आहे.

अमेरिकेतल्या एका ग्राहक कंपनीचे सुरक्षा आणि पर्यावरण तपासणारे गृहस्थ आमच्याकडे ऑडिटला आले होते. कागदपत्रं झाली, अर्थिंग झालं, आगीची व्यवस्था झाली. प्लांटमध्ये फिरताना ते साइट ग्लासपाशी थांबले. पाण्याचा थर उतरत होता. त्यांनी विचारलं, हे पाणी कुठे जातं? आम्ही एकसुरात म्हणालो, ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राला. त्यात एमटीबीई किती असतं? मी म्हटलं, पाण्यात ते चार ते पाच टक्के विरघळतं, मीठ असेल तर कमी. आणि ईटीपीत त्याचं काय होतं? आमच्या पर्यावरण विभागाने सीओडीचे, म्हणजे पाण्यात किती सेंद्रिय द्रव्य आहे ते दाखवणारे, आकडे पुढे केले. येताना किती, जाताना किती. आकडे चांगले होते. त्यांनी ते पाहिले, मान हलवली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला: हो, पण एमटीबीईचं काय होतं? त्या कंपनीत येण्याआधी त्यांनी काही वर्षं कॅलिफोर्नियात पेट्रोल पंपांखालच्या मातीवर काम केलं होतं, हे जेवताना कळलं. त्या दिवसापासून मी कॅलिफोर्नियाबद्दल वाचायला लागले, आणि माझ्या कामाकडे बघायची माझी नजर बदलली.

त्या गोष्टीची सुरुवात शिशापासून होते. पेट्रोलचं इंजिन ठोकायला लागू नये म्हणून टेट्राइथाइल लेड मिसळायचा शोध १९२१ मध्ये अमेरिकेत लागला, आणि पुढची अनेक दशकं जगभरच्या रस्त्यांवर शिसं उडत राहिलं. आपल्या देशात तर ते पूर्ण बंद व्हायला २००० साल उजाडलं. शिसं काढायचं तर ऑक्टेन वाढवणारं दुसरं काहीतरी हवं होतं. एमटीबीईचा ऑक्टेन आकडा ११७च्या आसपास, पेट्रोलमध्ये ते सहज मिसळतं, आणि रिफायनरीतच मिळणाऱ्या आयसोब्यूटिलीनपासून बनतं. त्याचा पहिला व्यापारी कारखाना १९७३ मध्ये इटलीत निघाला. अमेरिकेत १९७९ मध्ये ते पेट्रोलमध्ये घालायला परवानगी मिळाली. मग १९९० मध्ये तिथल्या हवा शुद्धीकरण कायद्यात दुरुस्ती झाली: जिथे धुरकं जास्त, तिथल्या पेट्रोलमध्ये वजनाने २ टक्के ऑक्सिजन असला पाहिजे. एमटीबीईच्या रेणूत वजनाने १८ टक्के ऑक्सिजन असतो. ते साधारण ११ टक्के मिसळलं की कायद्याची अट पूर्ण होते. १९९५ पासून हे नवं पेट्रोल मोठ्या शहरांत सक्तीचं झालं. गाड्यांच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड कमी झाला. ज्यांनी हे ठरवलं त्यांना हवा स्वच्छ करायची होती आणि काही अंशी ती झालीही. या माणसांना खलनायक ठरवणं मला पटत नाही. त्यांनी धुराकडे बघितलं, टाकीखालच्या मातीकडे बघितलं नाही.

पेट्रोल पंपांखाली पोलादी टाक्या पुरलेल्या होत्या, कित्येक एकपदरी आणि गंजलेल्या. त्या आधीपासूनच गळत होत्या. पण साध्या पेट्रोलमधली बेंझीनसारखी द्रव्यं मातीला चिकटतात, मातीतले जीवाणू ती खातात, आणि गळतीचा डाग काही अंतर गेला की थांबतो. एमटीबीई थांबत नाही. पाण्यात ते बेंझीनच्या पंचवीस पटींहून जास्त विरघळतं, मातीला जवळजवळ चिकटतच नाही, आणि जिथे ऑक्सिजन कमी अशा भूजलात जीवाणू त्याला सहसा हात लावत नाहीत. पाण्याच्या वेगानेच ते वाहत जातं. कॅलिफोर्नियातल्या पोर्ट वायनीमी इथल्या नौदलाच्या तळावर एका पंपापासून निघालेला एमटीबीईचा पट्टा जमिनीखालून जवळजवळ दीड किलोमीटर गेला होता.

सँटा मोनिका शहराचं बरंचसं पाणी स्वतःच्या विहिरींचं होतं. १९९६ मध्ये तिथल्या चार्नॉक विहिरींत एमटीबीई सापडलं, काही ठिकाणी एक अब्ज भागांत ६१० भागांपर्यंत. विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराला बाहेरून पाणी विकत घ्यावं लागलं. लेक टाहोच्या दक्षिण काठावरच्या गावात एक तृतीयांश विहिरी गेल्या. तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने खटला भरला, आणि २००२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या ज्युरीने एमटीबीई मिसळलेलं पेट्रोल हे सदोष उत्पादन आहे असा निर्णय दिला. रसायनाच्या माणसाने हा निर्णय दोनदा वाचावा. पदार्थ शुद्ध होता, सांगितलेलं काम तो चोख करत होता, आणि तरीही तो सदोष ठरला, कारण टाकीबाहेर गेल्यावर तो काय करेल हे विकणाऱ्याने जमेस धरलं नव्हतं.

पाण्यात एमटीबीई फार थोडं असलं तरी टर्पेंटाइनसारखी कडवट चव येते. कॅलिफोर्नियाने चवीसाठी ५ आणि आरोग्यासाठी १३ अशी मर्यादा घातली, दोन्ही एक अब्ज भागांतले भाग. गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी १९९९ मध्ये एमटीबीई हटवायचा आदेश काढला, २००३ संपता संपता राज्यातून ते गेलं आणि २००६ पर्यंत बहुतेक अमेरिकेतल्या पेट्रोलमधूनही गेलं. त्याची जागा इथेनॉलने घेतली. चार्नॉकच्या विहिरी मात्र तेवढ्या लवकर परत आल्या नाहीत. कोळशाच्या गाळण्या, मग उलट परासरण, अशी यंत्रणा उभी राहून ते पाणी शहराला पुन्हा मिळायला १५ वर्षांच्या आसपास लागली. अशा कामाला नारळाच्या करवंटीचा कोळसा जास्त उपयोगी पडतो, कारण त्याची छिद्रं बारीक असतात आणि साधा कोळसा एमटीबीईला फारसा धरत नाही.

हे सगळं वाचून मी आमच्या ईटीपीकडे गेले. तिथे एरेशन टँक आहे, खालून हवा सोडून जीवाणूंची गाळ-संस्कृती जिवंत ठेवायची आणि तिने सांडपाण्यातली सेंद्रिय द्रव्यं खायची. येताना सीओडी जास्त, जाताना कमी, याचा अर्थ जीवाणूंनी खाल्लं असा सगळ्यांचा समज होता. मी प्रयोगशाळेत साधा प्रयोग लावला. एका उघड्या बरणीत एमटीबीईचं पाणी आणि ईटीपीचा गाळ, खालून हवा. दुसऱ्या उघड्या बरणीत तेच पाणी, गाळ अजिबात नाही, तेवढीच हवा. आणि काही बाटल्या गाळासकट, ऑक्सिजन भरून, बूच घट्ट लावून. रोज गॅस क्रोमॅटोग्राफवर एमटीबीईची रेघ बघायची. दोन्ही उघड्या बरण्यांत ती जवळजवळ सारख्याच वेगाने खाली आली. बंद बाटल्यांत आठवडे गेले तरी ती जवळपास जागची हलली नाही. म्हणजे आमचे जीवाणू काहीच खात नव्हते. टाकीतली हवा एमटीबीई उडवून वर नेत होती. सीओडी पाण्यातून जात होता तो गावाच्या हवेत.

एमटीबीई खाणारे जीवाणू जगात नाहीत असं नाही. लॉस एंजेलिसच्या सांडपाणी केंद्रातल्या कंपोस्टच्या गाळणीत पीएम-१ नावाने ओळखला जाणारा जीवाणू सापडला, तो एमटीबीईवर जगतो. पण तो फार हळू वाढतो आणि त्याला भरपूर ऑक्सिजन लागतो. आमच्या गाळातून तसा कुणी तयार होतो का, हे मी बरेच दिवस बघितलं. कधी रेघ थोडी हलल्यासारखी वाटे, मग एखादी आम्लाची बॅच ईटीपीत येई आणि सगळं मूळपदावर. ज्या दाट कार्बनमुळे आमचं एमटीबीई ड्रममध्ये टिकत होतं, तोच कार्बन जीवाणूंचीही वाट अडवत होता. आमच्या अहवालातला 'स्थिर' हा गुण आणि सँटा मोनिकाच्या विहिरींचं दुखणं एकाच ठिकाणाहून निघालं होतं.

मग मी हिशोब मांडला, तो असा. एका बॅचला पाण्याचा थर तीन हजार लिटर. त्यात संपृक्ततेपर्यंत एमटीबीई विरघळलेलं असेल तर ते सव्वाशे किलोच्या घरात जातं. कॅलिफोर्नियाची चवीची मर्यादा धरली, तर तेवढ्या एमटीबीईने २५०० कोटी लिटर पाणी मर्यादेला पोचतं. हे पाऊण टीएमसीहून जास्त होतं. खडकवासला धरणाची साठवण दोन टीएमसीच्या आसपास आहे. सगळं एमटीबीई भूजलात जातं असं मी म्हटलं नाही, तसं ते जातही नव्हतं. पण दौंड तालुक्याचा हा भाग कमी पावसाचा. खाली काळा खडक, पाणी त्याच्या भेगांतून चालणारं. अशा भेगेत एकदा काही शिरलं तर ते कुठल्या विहिरीत निघेल हे वरून कुणाला सांगता येत नाही. अण्णांना मी हे जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या बोअरला उद्या वास आला, तर आम्ही कुणाच्या दारात जायचं, मॅडम?" त्यांच्या गावची शेती आणि पिण्याचं पाणी दोन्ही बोअरवर.

उपाय अवघड नव्हता. पाण्याच्या थरात खालून वाफ सोडायची. एमटीबीई आणि पाणी मिळून ५२.६ अंशांनाच उकळतात, त्यामुळे एमटीबीई पाण्याच्या कितीतरी आधी वर येतं. ती वाफ ब्राइनच्या कंडेन्सरमध्ये थंड केली की डिकँटरमध्ये पुन्हा दोन थर होतात: वर एमटीबीई, ते रिकव्हरीला, खाली पाणी, ते परत कॉलमला. एक बारीकसा स्ट्रिपर, थोडी स्टीम. तरी तो मंजूर व्हायला वेळ लागला. पहिल्यांदा उत्तर मिळालं, पुढच्या बजेटला बघू. मग मिळालं, ईटीपीचे आकडे मर्यादेत आहेत ना, मग कशाला? कायद्याने सीओडी मोजायला सांगितला होता, एमटीबीई नाही, आणि त्याच्या पलीकडचा खर्च हा खर्चच मानला जात होता. शेवटी मी पर्यावरणाचं बोलणं बाजूला ठेवलं आणि सॉल्व्हंटचा ताळेबंद घेऊन गेले. दर महिन्याला जितकं एमटीबीई विकत घेतो, त्यातलं किती रिकव्हरीत परत मिळतं, किती व्हेंटमधून जातं आणि किती 'हिशोबात न लागलेलं' या रकान्यात पडतं. त्या रकान्यातला मोठा भाग पाण्याच्या थरातला होता. आकड्यापुढे रुपये लिहिले आणि स्ट्रिपर मंजूर झाला. मला याचं वाईट वाटतं, आणि आनंदही होतो. वाईट अशासाठी, की विहिरीच्या नावाने तो मंजूर व्हायला हवा होता.

स्ट्रिपर सुरू झाल्यावर आणखी एक गोष्ट उघडी पडली. एका प्रोसेसमध्ये मिथेनॉल वापरतात, ते रिकव्हरीत एमटीबीईसोबत येतं आणि त्या दोघांचंही एकत्र उकळणारं मिश्रण होतं, कॉलमने ते वेगळं होत नाही. म्हणून वर्षानुवर्षं ते पाण्याने धुऊन काढत होतो. ते धुणं स्वतंत्र पाइपाने थेट ईटीपीला जायचं, आणि कुठल्याच नकाशावर त्याला पाण्याचा थर म्हटलेलं नव्हतं. पाइप वळवून स्ट्रिपरला जोडायला फक्त एका शटडाउनचा वेळ लागला.

आता आमच्या प्रयोगशाळेत नव्या सॉल्व्हंटची चाचणी चालू आहे. एकाचं नाव टू-मिथाइल टेट्राहायड्रोफ्युरान. ते उसाच्या चिपाडांपासून आणि मक्याच्या बुरकुंडांपासून मिळणाऱ्या फरफ्युरालपासून बनवता येतं, म्हणून त्याच्या जाहिरातीत सगळीकडे हिरवी पानं असतात. ऊसपट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हे ऐकून बरंच वाटतं, मलाही वाटलं. पण पाण्यात ते १४ टक्के विरघळतं, एमटीबीईच्या तिपटीच्या आसपास, आणि त्यात पेरॉक्साइडही सहज बनतं. दुसरं सायक्लोपेंटाइल मिथाइल ईथर. ते पाण्यात साधारण एकच टक्का विरघळतं, पण १०६ अंशांना उकळतं, त्यामुळे रिकव्हरीला स्टीम जास्त लागते, आणि किंमतही चढी. आमच्या नव्या केमिस्टने पहिल्याची शिफारस केली होती, यील्ड दीड टक्क्याने जास्त म्हणून. मी तिला दोन्हींच्या पाण्याच्या थरांचे नमुने घ्यायला सांगितले आहेत आणि ईटीपीच्या गाळासकट बंद बाटल्या लावायला. तिने विचारलं, "किती दिवस ठेवायच्या, ताई?" मी सांगितलं, रेघ हलेपर्यंत. या महिन्याच्या चेंज कंट्रोलच्या बैठकीत हा विषय येईल. त्या बाटल्यांचा निकाल हाती आल्याशिवाय मी सही करणार नाही, हे मी उत्पादन विभागाला आधीच कळवलं आहे.